टेसचा डेटा उघडल्यावर: नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी

बीएस्सीचा विद्यार्थी दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायचे म्हणून टेस या अवकाश दुर्बिणीच्या डेटाकडे वळतो. त्यानं पहिले दोन महिने ग्रहाचं नाव काढू नये. अवकाश दुर्बीण फक्त एवढंच सांगते की अमुक वेळी अमुक ताऱ्याचा प्रकाश इतका होता. तो का कमी झाला, हे तिला ठाऊक नसतं. एक टक्का प्रकाश ग्रह आडवा गेल्यानं घटतो, ताऱ्यावरच्या डागानं घटतो, शेजारच्या जोडताऱ्यानं (एकमेकांभोवती फिरत एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांनी) घटतो आणि कॅमेऱ्यात पृथ्वीचा उजेड शिरल्यावर केलेल्या चुकीच्या वजाबाकीनंही घटतो. हे सगळे संशयित ओळखीचे होतात ते रूपविकारी, म्हणजे प्रकाश कमीजास्त होणारे, तारे पाहताना, म्हणून सुरुवात तिथून.

साधनं दोन. केप्लर मार्च २००९ मध्ये उडाली, मे २०१३ पर्यंत हंस आणि स्वरमंडळ यांच्यामधल्या एकाच तुकड्याकडे बघत राहिली, आणि दिशा धरून ठेवणारी चाकं बिघडल्यावर के-टू या नावानं २०१८ पर्यंत चालली. तिची बहुतेक मोजमापं २९.४ मिनिटांनी एक अशी आहेत. टेस एप्रिल २०१८ मध्ये गेली. ती आकाशाचा २४ गुणिले ९६ अंशांचा पट्टा सुमारे २७ दिवस बघते आणि पुढच्या पट्ट्याकडे वळते. या प्रत्येक पट्ट्याला सेक्टर म्हणतात. निवडक ताऱ्यांची नोंद दर दोन मिनिटांनी होते, म्हणजे एका सेक्टरात एकोणीस हजारांच्या आसपास बिंदू. डेटा मास्ट या संग्रहात सर्वांना फुकट मिळतो. ऐन मे महिन्यात ४५ अंशांत कूलरसमोर बसून करता येईल असं खगोलशास्त्र हेच. पावसाळ्याचे चार महिनेही वाया जात नाहीत.

लॅपटॉप साधा चालतो. आठ जीबी रॅम पुरते, नसेल तर गूगल कोलॅब आहे. पायथनमध्ये लाइटकर्व्ह (lightkurve) हे पॅकेज टाका, सोबत ॲस्ट्रोपाय येतंच. एका सेक्टरची प्रकाशवक्राची (वेळेनुसार प्रकाशाच्या आलेखाची) फाइल जेमतेम दोन एमबीची असते, पण पिक्सेल फाइल पन्नासच्या घरात जाते. मोबाइलचं नेट वापरत असाल तर आधी प्रकाशवक्रच उतरवा. शोध घेताना लेखक (author) म्हणून 'स्पॉक' (SPOC, टेसचा डेटा तयार करणारं नासाचं केंद्र) आणि कालावधी १२० सेकंद असं स्पष्ट मागा. नाहीतर एकाच ताऱ्याच्या वेगवेगळ्या गटांनी काढलेल्या सात-आठ फाइली एकत्र येतात, आणि त्या एकमेकींना जोडल्या की वक्रात पायऱ्या पडतात.

फाइलीत प्रकाशाचे दोन रकाने असतात. सॅप म्हणजे पिक्सेलांची सरळ बेरीज. पीडीसीसॅप म्हणजे त्याच कॅमेऱ्यातल्या इतर ताऱ्यांत दिसणारे सामाईक चढउतार काढून टाकलेली बेरीज. ग्रहासाठी दुसरा रकाना बरा. रूपविकारी ताऱ्यासाठी तो डोळे झाकून घेऊ नये, कारण पंधरा-वीस दिवसांत सावकाश होणारा ताऱ्याचा खरा बदलही ही दुरुस्ती यंत्राचा दोष समजून पुसते. तिमिंगलातल्या मायरासारखा ३३२ दिवसांचा तारा तर टेसच्या एका सेक्टरात नुसती तिरकी रेघ दिसेल. तिथे टेस वापरूच नये.

पहिला तारा म्हणून स्वरमंडळातला आरआर लायरी घ्या, केप्लरच्या डेटातून, सॅप रकाना. आवर्तकाल १३ तास ३६ मिनिटं. लॉम्ब-स्कारगल (आवर्तकाल शोधायची गणिती पद्धत) काढला की शिखर ०.५६७ दिवसांवर उभं राहतं. त्या कालावर वक्राची घडी घातली, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकमेकींवर ठेवल्या, की रेघ न मिळता जाड पट्टा मिळतो. नवखा इथे कोड तपासत दोन दिवस घालवतो. कोड बरोबर असतो. या ताऱ्याच्या फुगण्याची उंचीच चाळीसेक दिवसांच्या फेऱ्यात कमीजास्त होते, याला ब्लाझ्को परिणाम म्हणतात. डेटाचे दहा-दहा दिवसांचे तुकडे करून वेगवेगळ्या रंगांत घडी घाला, पट्टा सुटा होतो. एवढं एक चित्र स्वतः काढलं की पुढे डेटातला निरर्थक गोंगाट कोणता आणि तारा कोणता हे डोळ्याला कळू लागतं.

आवर्तकालाची नेहमीची चूक निम्म्याची. ग्रहणकारी जोडताऱ्यात एका फेरीत दोन खाचा पडतात. त्या सारख्या खोलीच्या असतील तर लॉम्ब-स्कारगल निम्मा काल देतो. मिळालेला काल दुप्पट करून घडी घालून बघण्याची सवयच लावून घ्यावी. जोडताऱ्याचं ग्रहण एकदा डोळ्यांनीही पाहावं: ययातीतला अल्गोल दर २.८७ दिवसांनी २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तर तारा अंधूक) उतरतो आणि सुमारे दहा तासांत परत चढतो. हिवाळ्यात तो नागपूरच्या आकाशात उत्तरेला ७० अंशांपर्यंत चढतो, आणि शहराच्या उजेडातही शेजारच्या ताऱ्यांशी ताडून हा उतार कळतो. तुमच्या नोंदीची वेळ मात्र भारतीय, फाइलीतली वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रावरची. आधी साडेपाच तास वजा करा, मग प्रकाशाच्या प्रवासाची दुरुस्ती करा. ती जास्तीत जास्त सव्वाआठ मिनिटांच्या आसपास जाते. टेसच्या आकड्यात २४,५७,००० मिळवला की ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांची अखंड मोजणी, मिळतो. केप्लरसाठी तोच आकडा २४,५४,८३३ आहे. दोन दुर्बिणींचा डेटा जोडताना हे विसरलं तर सहा वर्षांचा घोटाळा होतो.

आता ग्रह. सरावाला वास्प-१८ बी. ताऱ्याचा टीआयसी (टेसच्या ताऱ्यांच्या यादीतला) क्रमांक १००१००८२७, सेक्टर २ किंवा ३. ग्रह गुरूच्या दहापट वजनाचा, फेरी २२.६ तासांची, अधिक्रमण (ताऱ्यासमोरून जाणं) सव्वादोन तासांचं, खाच एक टक्क्याला थोडी कमी. त्रिज्यांचं गुणोत्तर म्हणजे खोलीचं वर्गमूळ: ०.००९४ चं वर्गमूळ ०.०९७. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सव्वापट धरली तर ग्रह गुरूच्या १.२ पट निघतो. तुमचं उत्तर ०.८ आलं तर ग्रह लहान झालेला नाही, तुम्ही खाच कापली आहे.

ती कापली जाते ती फ्लॅटन करताना, म्हणजे वक्रातले सावकाश चढउतार सपाट करताना. लाइटकर्व्हमध्ये या कामाची खिडकी न सांगता १०१ बिंदूंची असते, दोन मिनिटांच्या डेटात म्हणजे तीन तास बावीस मिनिटं. सव्वादोन तासांची खाच या खिडकीला ताऱ्याचाच चढउतार वाटते आणि ती निम्मीशिम्मी भरून निघते. खिडकी अधिक्रमणाच्या किमान तिप्पट हवी, पाचपट असेल तर उत्तम. इथे ४०१ ठेवा, संख्या विषमच लागते. दुसरी कात्री म्हणजे बाहेरचे बिंदू उडवणारं फंक्शन. ते वरचे आणि खालचे दोन्ही उडवतं, म्हणून वरची मर्यादा द्या आणि खालची अनंत ठेवा.

खाचा शोधायला बॉक्स लीस्ट स्क्वेअर्स वापरतात. एका सेक्टरवर १३ दिवसांपेक्षा मोठे काल शोधू नका, त्यात दोन खाचा मिळण्याचीही खात्री नसते. १३.७ दिवस ही टेसची स्वतःची कक्षा आहे. प्रत्येक फेरीत डेटा खाली पाठवताना मध्ये खंड पडतो आणि त्याच्या कडेला प्रकाश वाकतो. म्हणून १३.७ किंवा त्याच्या निम्म्याजवळ शिखर आलं की ग्रह मिळाला असं घरी सांगू नका.

खाच खरी निघाली तरी ती तुमच्याच ताऱ्याची आहे का? टेसचा एक पिक्सेल २१ कंससेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक कंससेकंद) रुंद, केप्लरचा ४. एका पिक्सेलात अख्खा मोहल्ला मावतो. पाच प्रतींनी अंधूक शेजारी एकूण प्रकाशात शेकडा एक भर घालतो. तो जोडतारा असून निम्मा झाकला गेला, तर तुमच्या ताऱ्यावर अर्ध्या टक्क्याची देखणी खाच दिसते. म्हणून चार तपासण्या. सम आणि विषम क्रमांकाच्या खाचा वेगळ्या मोजा, खोली वेगळी आली तर जोडतारा. अर्ध्या फेरीवर दुसरी खाच आहे का ते बघा. मात्र वास्प-१८ सारख्या भाजलेल्या ग्रहालाही ती असते, फक्त ०.०३ टक्क्यांच्या आसपास. खाचेचा आकार इंग्रजी यू आहे की व्ही, हे नोंदवा, व्ही असेल तर जोडताऱ्याचा संशय. शेवटी पिक्सेल फाइल उतरवून खाचेच्या आतलं आणि बाहेरचं चित्र वजा करा, फरकाचा ठिपका तुमच्या ताऱ्यावर पडतो की बाजूच्या, ते कळतं. गाया दुर्बिणीच्या यादीतून शेजारी आधीच काढून ठेवा. बहुतेक उमेदवार या शेवटच्या पायरीवर गळतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. गळलेला उमेदवार हा बहुधा चांगला ग्रहणकारी जोडतारा असतो. तो रूपविकारी ताऱ्यांच्या व्हीएसएक्स यादीत नसेल तर तिथे कळवता येतो, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला पहिली खरी नोंद बऱ्याचदा अशीच मिळते.

ग्रहावर शिक्कामोर्तब व्हायला वजन लागतं, आणि ते वर्णपटावरून येतं. हे काम आपल्याकडे माउंट अबूच्या गुरुशिखरावरचा पारस वर्णपटमापक करतो. २०१८ मध्ये जाहीर झालेला के-टू-२३६ बी आणि २०२१ चा टीओआय-१७८९ बी हे ग्रह त्यानंच पक्के केले. या वाटेनं पुढे जायचं तर बीएस्सीला गणित सोडू नका, आणि जॅम, जेस्ट या पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षांची तयारी दुसऱ्या वर्षापासून करा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात सुट्टीतल्या प्रकल्पासाठी अर्ज करताना 'खगोलशास्त्राची लहानपणापासून आवड' हे वाक्य गाळा. त्या जागी आरआर लायरीची ती रंगीत घडी जोडा, आणि खाली आवर्तकाल त्याच्या अनिश्चिततेसह (± किती) लिहा.