जुन्या गाडीची बॉडी: आधी गंज, मग टाके, शेवटी मेण

मोनोकॉक गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याचे पोकळ भाग एकमेकांना जोडून जी पेटी बनते, तीच सगळा भार घेते. पत्र्यांच्या दुमडलेल्या कडा एकमेकींवर ठेवून स्पॉट वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडलेल्या असतात. दोन ठिपक्यांमधल्या फटीत पाणी शिरतं आणि वाळत नाही. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो दोन्ही पत्रे फाकवतो आणि ठिपके एकेक करून सुटत जातात. म्हणजे बॉडी ढिली पडणं आणि गंजणं, दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा याच फटीत असतं. अशा कडांवर थोड्या थोड्या अंतराने वेल्डिंगचे छोटे पट्टे, म्हणजे टाके, घालून बॉडी पुन्हा घट्ट करता येते. पण नुसतं वेल्डिंग करून थांबलं तर उलट नुकसानच होतं, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागचा रंग जळतो आणि तिथून नवा गंज सुरू होतो.

कामाआधी पेट्रोलची टाकी आणि नळ्या, सीट, कार्पेट आणि फ्लोअरवरची डांबरी पट्टी काढा. पट्टी आणि फोम चटकन पेटतात. बॅटरी पूर्ण सोडवा, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असेल तर तेही. पत्रा पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेत आणि अतिनील प्रकाशात त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

बॉडी सस्पेन्शनच्या माउंटिंगजवळ स्टँडवर टेकवा, म्हणजे भार रोजच्यासारखाच पडेल. दारं लावून फटी तपासा, दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. सिल, म्हणजे दाराखालची पोकळ पेटी, कापायची असेल तर आधी पुढच्या आणि मधल्या खांबामध्ये २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा टॅक करा, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडा. दोन्ही बाजूंची सिल एकाच वेळी कापू नका. बॉडी मध्ये खचली की दार परत नीट बसत नाही, आणि खचलेल्या अवस्थेत वेल्डिंग झालं तर ते दुरुस्त करायला सगळं पुन्हा कापावं लागतं.

गंज शोधायला बोथट स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. जोर देऊन टोचा. पत्रा दबला किंवा चुरचुरला तर तो कापायचा. कापताना चांगला पत्रा लागल्यावरही २०-२५ मिमी पुढे जा, आणि ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. ठिगळाची जाडी मूळ पत्र्याएवढीच घ्या. फाकलेली कड हलकेच उघडून आतला गंज तारेच्या ब्रशने काढा, मग क्लॅम्पने घट्ट दाबा. आत गंज राहिला तर टाक्यात बारीक छिद्रं पडतात. असा टाका वरून भरलेला दिसतो, पण भार पेलत नाही.

०.८ ते १ मिमी पत्र्याला मिग वेल्डिंगची ०.६ मिमी तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण वापरा. टाका २० ते २५ मिमी लांब, मध्ये ४० ते ५० मिमी मोकळं. एक टाका घातला की पुढचा लगेच शेजारी नको, निदान ३०० मिमी लांब घ्या. पहिला हाताला सोसेल इतका गार झाल्यावरच त्याच्याजवळ या. घाई केली की पत्रा लाटा मारतो. गाडीवर टाके घालण्याआधी त्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर एक टाका घालून पत्रे हातोडीने फाकवून बघा. टाक्याशेजारचा पत्रा फाटला तर सेटिंग बरोबर. टाका अख्खा सुटून आला तर करंट कमी आहे.

टाके घालण्याच्या खऱ्या जागा मोजक्याच: सस्पेन्शन टॉवर (पुढच्या सस्पेन्शनचं वरचं टोक बसतं तो भाग) आणि त्याचा फायरवॉलशी, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याशी, जोड, खांबांचे पायथे, सिल आणि फ्लोअरचा जोड, मागच्या शॉक अॅब्झॉर्बरचं माउंटिंग. छताला आणि बाहेरच्या पॅनलला हात लावायचा नाही. पुढच्या रेलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या लांब पोकळ पेट्यांमध्ये, मुद्दाम ठेवलेले दुमडते खळगे असतील तर ते तसेच सोडा. टकरीत तो भाग चुरगळायलाच हवा. तो कडक केला की धक्का थेट आत बसलेल्यांपर्यंत जातो. टाके घासून सपाट करण्याचा मोहही टाळा. जिथे दाराचं रबर बसतं तिथेच घासा, बाकी ठिकाणी घासलं की ताकद जाते.

उघडा पत्रा त्याच दिवशी झाकावा. गंज-रूपांतरक (गंजावर लावायचं आम्लयुक्त द्रव) वापरला असेल तर त्याचा अंश धुऊन, पूर्ण वाळवूनच इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या, कारण आम्लाच्या अंशावर इपॉक्सी धरत नाही. साधा सरफेसर प्रायमर ओल शोषतो, त्याच्यावर विसंबून पत्रा महिनोन्‌महिने ठेवू नका. इपॉक्सीवर जोडांना पॉलियुरेथेन सीलर लावा. आंबट वासाचा सिलिकॉन नको. त्यातून सुटणारं अॅसेटिक आम्ल पत्रा खातं, आणि त्यावर रंगही बसत नाही.

सगळ्यात शेवटी, रंग झाल्यावर, पोकळ भागांत गंज रोखणारं मेण. वेल्डिंगच्या आधी मेण मारलं तर आगीचा धोका. २० अंशांच्या वर तापमान असेल तेव्हा, चारी बाजूंना फवारणाऱ्या तोंडाची लांब नळी आतल्या टोकापर्यंत सारा आणि फवारत हळूहळू बाहेर ओढा. छोट्या गाडीला साधारण ३ ते ५ लिटर लागतं. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले, कारण पातळ मेण फटीत शिरतं. जोडाच्या कडेतून आणि निचऱ्याच्या भोकातून थेंब दिसू लागले की ते पोचलं असं समजा. थेंब थांबल्यावर प्रत्येक भोकात तार फिरवून ते मोकळं करा. एखादं भोक बंद राहिलं तर सिलमध्ये पाणी साठतं आणि मेणाच्या एखाद्या उघड्या जागेतून पत्रा आतून सडतो.