सुचत नसेल तर प्रश्न बदला

'काहीतरी नवीन सुचव' म्हटलं की डोकं हमखास बंद पडतं. नेमका प्रश्न विचारला की चालू लागतं. जाहिरात क्षेत्रातल्या अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांची प्रश्नांची यादी होती. ती बॉब एबर्ले यांनी १९७१ साली 'स्कॅम्पर' या नावाने बांधली. प्रश्न सातच: काय बदलू, काय जोडू, कुठून उसनं घेऊ, काय लहान-मोठं करू, आणखी कशासाठी वापरू, काय काढू, काय उलटं करू?

समजा, नाशिकच्या गंगापूर रोडला तुमचं मिसळीचं हॉटेल आहे. 'काय काढू?' एवढंच घ्या. पाव काढला तर? डाएटवाले येतील. रस्सा काढला तर? सुकी मटकी, वर कांदा-शेव, ऑफिसच्या डब्यात न सांडणारी. आता उलटं: तर्री गिऱ्हाईकानेच वाटीतून ओतून घ्यायची. (हे नाशकात आधीच चालतं, तरी लिहा.)

एका प्रश्नाला तीन मिनिटं आणि किमान पाच उत्तरं. पहिली दोन बहुधा शिळीच निघतात. मात्र लिहिताना 'हे चालणार नाही' म्हणायला बंदी. निवड दुसऱ्या दिवशी, चहा घेऊन.