बागेत ड्रोन काढण्याआधी या चुका टाळा

परभणीला विमानतळ नाही. ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशावरचं विमानतळाचं वर्तुळ आमच्या गावावर पडत नाही, त्यामुळे आमच्याकडच्या पोरांचा समज पक्का झालाय की वर मोकळं तर खालीही मोकळं. मीही त्यातलाच. पहिला ड्रोन घेतला आणि रविवारी सकाळी थेट बागेत गेलो. पाती उघडतोय तोवर वॉचमन काका समोर उभे.

“सर, काय उडवायलात?”

मी मोबाईलवरचा नकाशा पुढे केला. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला, नकाशा नीट पाहिला आणि म्हणाले, “हे वरचं झालं. तुम्ही उभे आहात ती जागा कुणाची?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहुतेकांकडे नसतं, आणि बागेतल्या निम्म्या भानगडी तिथूनच सुरू होतात.

हिरवा झोन म्हणजे बागेची परवानगी, हा समज

आपल्याकडे सध्या 25 ऑगस्ट 2021 रोजी आलेले ड्रोन नियम चालतात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आकाशाचे तीन भाग आहेत. हिरव्यात 400 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 120 मीटरपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई नियंत्रण कक्षाची लागते. लाल भागात केंद्र सरकारची परवानगी हवी, म्हणजे हौशी माणसानं तो विषय सोडूनच द्यावा. चालू विमानतळाच्या हद्दीपासून 5 ते 8 किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा असतो. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवं फक्त 200 फुटांपर्यंत, त्याच्यावर पिवळं. छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याचा विमानतळ आणि सिडकोतल्या बागा एकमेकांच्या शेजारीच म्हणाव्यात इतक्या जवळ आहेत. नांदेडचा विमानतळ तर शहरालाच लागून. तिथं “फक्त झाडाएवढा वर नेतो” हे चालत नाही.

पण हा सगळा हिशोब हवेचा. पायाखालची जमीन महापालिकेची, नगरपालिकेची, वनखात्याची किंवा पुरातत्त्व खात्याची असते आणि तिचे नियम वेगळे. बीबी का मकबऱ्याची हिरवळ बागेसारखी दिसते, पण ते केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय तिथं ड्रोन काढूच नका. देवगिरीचा किल्ला, वेरूळ, अजिंठा यांचंही तेच. जायकवाडीचं पक्षी अभयारण्य आणि बीड जिल्ह्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य वनखात्याकडे. संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात प्राणिसंग्रहालय आहे. पिंजऱ्यातल्या वाघाला डोक्यावरच्या घोंघावणाऱ्या आवाजापासून पळून जायला जागा नसते, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

परवानगी मागणं वाटतं तितकं अवघड नाही. साध्या कागदावर उद्यान विभागाच्या नावानं अर्ज: तारीख, वेळ, बागेचा कोणता कोपरा, ड्रोनचं वजन, नोंदणी क्रमांक, आपला मोबाईल नंबर. एक प्रत पोलीस ठाण्याला. आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलायचं नाही. तोंडी “उडवा की, कोण विचारतंय” म्हणणारा साहेब भानगड झाली की रजेवर असतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो. मंत्र्यांचा दौरा, विसर्जन, मोठी सभा असली की कालचा हिरवा आज लाल असतो. म्हणून नकाशा आदल्या रात्री नव्हे, निघताना बघा. जिल्ह्यात मनाई आदेश लागू आहे का, तेही विचारून घ्या.

249 ग्रॅमचा भ्रम

250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो. त्याच्यावर 2 किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही लागत नाही, पण हौसेखातर उडवत असाल तरच. म्हणून बाजारात 249 ग्रॅमच्या ड्रोनची चलती. पण नियमात वजन मोजतात ते अंगावरच्या सगळ्या सामानासकट. कुणी पात्यांना संरक्षक जाळी बसवतो, कुणी जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी घालतो आणि नॅनोचा मायक्रो होऊन बसतो. मग तृतीय पक्ष विम्याचा, म्हणजे आपल्या ड्रोननं दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरून देणाऱ्या विम्याचा, प्रश्न उभा राहतो. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर एकदा तोलून घ्या. फुकटात होतं.

प्री-वेडिंगवाल्यांसाठी वेगळं सांगतो: मित्राच्या शूटचे दोन हजार घेतले की हौस संपली, धंदा सुरू झाला. मग मायक्रोला प्रमाणपत्र लागतं.

पहिल्या दोन मिनिटांतली घाई

ड्रोन पडल्यावर सगळे वाऱ्याला किंवा कंपनीला दोष देतात. माझा अनुभव असा की बहुतेक ड्रोन जमिनीवर असतानाच “पडलेले” असतात.

कंपास, म्हणजे ड्रोनचं होकायंत्र, एरर दाखवतोय? आधी बघा तुम्ही तो ठेवलाय कुठं. बागेतला लोखंडी बाक, कारंज्याचा सळई घातलेला ओटा, गटारीचं लोखंडी झाकण, पार्किंगमधल्या गाड्या, हे सगळं कंपासला भुलवतं. पोरं तिथंच उभं राहून तीन-तीन वेळा कॅलिब्रेशन, म्हणजे कंपास नव्यानं जुळवणं, करतात आणि चूक पक्की करून घेतात. पंधरा-वीस पावलं मोकळ्यात जा. निम्म्या वेळा एरर आपोआप जातो, नाही गेला तर तिथं कॅलिब्रेट करा.

दुसरी घाई उपग्रहांची. जीपीएस पुरेसं लागायच्या आत उडवलं तर ड्रोनला स्वतःचं घर माहीत नसतं. सिग्नल हवेत असताना मिळाला तर होम पॉईंट, म्हणजे परतायची जागा, तिथंच नोंदला जातो, जिथं तो त्या क्षणी असेल. तो तलावावर असेल तर परतायची कळ दाबल्यावर पठ्ठ्या इमानेइतबारे पाण्यावर उतरणार. म्हणून होम पॉईंट नोंदल्याचा संदेश ऐकू येईपर्यंत थांबा, आणि नकाशावर तो खरंच आपल्या पायाशी आहे का ते बघा.

तिसरी चूक माझीच. परतीची उंची मी 15 मीटर ठेवली होती. समोरचा कडुलिंब त्याहून उंच होता. सिग्नल तुटला, ड्रोन शिस्तीत 15 मीटरवर आला आणि सरळ रेषेत घराकडं निघाला तो थेट फांद्यांत. समोरचं ओळखणारे सेन्सर असलेले ड्रोनही बारीक डहाळ्या आणि तारा नीट ओळखतातच असं नाही. बागेतलं सर्वात उंच झाड, हायमास्ट दिवा, शेजारचा मोबाईल टॉवर नजरेनं मोजा आणि त्याच्यावर दहा मीटर धरा.

पाण्यावर खूप खाली उडवू नका. पोटाखालचा कॅमेरा जमिनीची खूण शोधत असतो. हलतं, चमकतं पाणी त्याला फसवतं. आणि काळ्या मातीवरून उड्डाण करायचं असेल तर खाली प्लायवूडचा तुकडा ठेवा, नाहीतर आपल्या मातीची बारीक धूळ मोटरमध्ये जाऊन महिन्याभरात करकर ऐकू येईल.

ऊन आणि घार

पुष्कळ छोट्या ड्रोनची तापमानाची मर्यादा 40 अंश असते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सावलीतच त्याच्यावर जातं, आणि गाडीच्या डिक्कीत तर बॅटरी भाजून निघते. मोबाईल तापून स्क्रीन अंधारते, मग समोर काय चाललंय ते दिसेनासं होतं. सकाळी साडेसहा ते आठ हीच खरी वेळ. दुपारी वावटळही उठते, तिचा भरवसा नसतो. बॅटरी 30 टक्क्यांवर आली की उतरवा. फुगलेली बॅटरी “अजून एकदा चालेल” म्हणून घालू नका, टोचू नका, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

घार किंवा शिक्रा घिरट्या घालायला लागला तर व्हिडिओ काढत बसायचं नाही, खाली यायचं. पिल्लांच्या दिवसांत घरट्याजवळ गेलात तर चूक पक्ष्याची नाही. संक्रांतीच्या आगेमागे पतंगांच्या मांज्यामुळे ड्रोन कपाटातच ठेवा.

बागेतली माणसं

खरी अडचण इथं आहे. बागेत कुणी योगासनं करत असतं, कुणी हास्य क्लबात हात वर करून उभं असतं, कुणी घरात बोलता येत नाही म्हणून बाकावर येऊन बोलत असतं. डोक्यावर कॅमेरा आला की त्यांचा मोकळेपणा संपतो. बायका बसल्यात त्या बाजूला ड्रोन नेऊच नका. बागेला लागून घरं असतील तर गच्च्या आणि गॅलऱ्या कॅमेऱ्यात येणार नाहीत असं तोंड ठेवा. एखाद्या स्त्रीचे खाजगी क्षण टिपले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा होतो, आणि “मी तर झाडं काढत होतो” हे पोलीस ठाण्यात सांगायला फार उशीर झालेला असतो.

2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या गावोगावी रात्रीच्या ड्रोनची धास्ती पसरली होती. चोर टेहळणी करतात म्हणून लोक काठ्या घेऊन जागत होते. ती भीती अजून पुरती गेलेली नाही. त्यामुळे अंधार पडल्यावर उडवू नका, आणि दिवसाही झुडपाआड लपून नाही, सगळ्यांना दिसाल असे उभे राहा. आधी दोघा-चौघांना सांगा, “काका, दहा मिनिटं उडवतो, त्या कोपऱ्यात, तुमच्याकडं आणत नाही.” कुणी नको म्हणालं तर वाद घालू नका, नियमांची पीडीएफ काढून दाखवू नका. गेलात दुसऱ्या दिवशी, काय बिघडलं?

पोरं धावत येतात, ती येणारच. त्यांना हाकलण्यापेक्षा एक मित्र सोबत न्या, तो पोरांना दहा पावलांवर थांबवेल आणि आकाशाकडं लक्ष ठेवील, कारण तुमची नजर स्क्रीनवर असते. पोरांच्या डोक्यावरून तर कधीच नाही. हवेचा अडथळा सोडला तर 30 मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीवर येईतो ताशी 85 किलोमीटरच्या वर गेलेली असते. अडीचशे ग्रॅमही तेव्हा हलके राहत नाहीत.

पडलाच तर

आधी मोटर बंद करा, अडकलेली पाती फिरत राहिली तर मोटर जळते. कुणाला लागलं असेल तर ड्रोन राहू द्या तिथंच, माणसाकडं पळा. नियमात अपघाताची माहिती 48 तासांच्या आत डिजिटल स्कायवर द्यायची आहे. झाडावर अडकला तर दगड मारू नका, चढू तर अजिबात नका. माझा कडुलिंबातला ड्रोन माळीकाकांनी आंबे काढायच्या झेल्यानं अलगद उतरवला. एक पातं चिरलं होतं, दिसत नव्हतं, नखाला लागलं. चारही पाती बदलली आणि मगच पुन्हा उडवला, तेही आवक क्रमांकाचा कागद खिशात ठेवून.