मेंढ्यांची वीण: नव्यानं कळप घेणाऱ्यांसाठी

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात आमचा दख्खनी मेंढ्यांचा घरचा छोटा कळप आहे. मेंढीपालन सुरू करायचं म्हणून येणारी पोरं भाव विचारतात, कोकराचं वजन विचारतात, अनुदानाचं विचारतात. विणीबद्दल फार थोडे विचारतात. वर्षाची कमाई मात्र तिथंच ठरते.

मेंढी साधारण पाच महिने गाभण असते आणि पोटातल्या कोकराची बरीचशी वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. पावसाच्या तोंडी मेंढा लागला की वीण दिवाळीनंतर येते. तेव्हा रान हिरवं दिसतं, पण गाभण मेंढीच्या पोटात चाऱ्याला जागाच कमी उरते. म्हणून संध्याकाळी तिला 200-250 ग्रॅम मक्याचा भरडा आणि ढेप (पेंड) द्यायचीच. इथे हात आखडला आणि पोटात जुळं असलं, तर मेंढी खाणं सोडते, आडवी पडते. आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन जनावर दगावणाऱ्या रोगाची) लस विण्याच्या महिनाभर आधी टोचून घ्या. तिचा फायदा चिकातून, म्हणजे विल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधातून, कोकरालाही मिळतो.

विणारी मेंढी कळपातून बाजूला होते, पायानं जमीन उकरते, उठबस करते. तिला एकटं सोडा, नजर मात्र ठेवा. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं तोंड दिसलं की सगळं बरोबर चाललंय. पाणमोट (कोकराभोवतीची पाण्याची पिशवी) फुटून तास झाला तरी काही पुढे सरकत नसेल, तर डॉक्टरांना फोन करा. जोर लावून ओढू नका. कोकरामागून पडणारी वारही ओढायची नाही.

कोकरू बाहेर आलं की नाकातोंडातला चिकटा पुसून ते मेंढीच्या तोंडापुढे ठेवा. चाटता चाटताच ती त्याला ओळखायला लागते. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. मग खाली बसून दोन्ही सडांची पहिली धार स्वतः पिळून काढा. सडाच्या तोंडाशी मेणासारखा घट्ट खडा असतो. तो निघाला नाही, तर कोकरू लुचत राहतं, शेपूटही हलवतं, आणि पोट रिकामंच! शंका आली तर पोट चाचपून बघा.

आमची आजी म्हणते, "पहिले त्याले चीक पाज, मंग बाकीनं काम." तिचं खरं आहे. जन्मताना कोकराच्या अंगात रोगाशी लढायची ताकद जवळपास नसते. ती चिकातून येते. आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता तासातासाला घटत दिवसभरात संपते. म्हणून पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. तीन किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात साधारण 300 मिली लागतो.

धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली जातो. पहाटे कोकरू मलूल दिसलं तर त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं तर आधी कोरडं करून गोणपाटात गुंडाळा, ऊब द्या. मान धरायला लागलं की मगच पाजा. मलूल कोकराला बाटलीनं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं.

जनावरं घ्यायच्या आधी आपल्याकडच्या एखाद्या ठेलारी मेंढपाळ कुटुंबासोबत पूर्ण वीण काढा, अगदी रात्रीच्या राखणीसह. चाळीसगावजवळ बिलाखेडला मेंढी-शेळी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तेही बघून या. बाजारातून शेवटच्या महिन्यातल्या गाभण मेंढ्या मात्र घेऊ नका. लस झाली की नाही कळत नाही, आणि टेम्पोतला प्रवास त्यांना सोसत नाही.