नकाशाच्या फाइलचा फॉरमॅट बदलताना फील्ड कशी जुळवावीत

रूपांतरात बिंदू, रेषा, बहुभुज बहुधा धडपणे पोहोचतात. गळती होते ती सोबतच्या माहितीत, म्हणजे तक्त्यातल्या रकान्यांत (फील्डमध्ये), आणि तिची सूचना क्वचितच कुणी वाचतं. म्हणून आधी चार रकान्यांचा तक्ता करा: मूळ फील्ड, त्याचा प्रकार, नवं नाव, नवा प्रकार आणि लांबी. वगळायची फील्डही लिहा, पुढे ‘वगळले’ असा शेरा मारून. मुद्दाम सोडलेलं कोणतं आणि गळालेलं कोणतं, हे नंतर त्यावरूनच कळतं.

सर्वांत जास्त काळजी शेपफाइलमध्ये (नकाशाच्या माहितीचा एक जुना फॉरमॅट) जाताना घ्यावी लागते. तिचा तक्ता जुन्या डीबीएफ साच्यातला असल्याने फील्डच्या नावाला १० बाइट आणि मजकुराला २५४ बाइटच मिळतात. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याची एक पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे नावात जेमतेम ३ चिन्हं आणि मजकुरात ८४. फील्डची नावं रोमन लिपीत, आखूड आणि स्वतः ठरवलेली ठेवा. दोन लांब नावांची पहिली दहा अक्षरं सारखी असली, तर ओजीआर (फॉरमॅट बदलणारं सॉफ्टवेअर) दुसरं नाव आठ अक्षरांवर कापून शेवटी ‘_१’ सारखा क्रमांक जोडतं. मग वर्षवार रकाने असतील तर कोणता रकाना कोणत्या वर्षाचा, हे नावावरून ओळखता येत नाही. तारीख आणि वेळ एकाच डीबीएफ फील्डमध्ये बसत नाही, तेव्हा वेळ वेगळ्या मजकूर फील्डमध्ये न्या. रिकाम्या संख्येच्या जागी काही सॉफ्टवेअर ० लिहितात. ‘मोजलं नाही’ आणि ‘शून्य आलं’ यांतला फरक त्यात पुसला जातो, म्हणून रिकाम्या जागेसाठी −९९९९ सारखी एक खूण ठरवा आणि सोबतच्या टिपणात नोंदवा. सरासरी काढताना ती वगळायला विसरू नका.

सीएसव्हीमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर फाइल) येताना ‘००४५’ हा संकेतांक ४५ होतो, कारण वाचणारं सॉफ्टवेअर त्याला संख्या समजतं. ज्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा मजकूरच, हा नियम पाळा. सीएसव्हीशेजारी त्याच नावाची सीएसव्हीटी फाइल ठेवून प्रकार आधीच सांगता येतात.

जीपीएक्समध्ये (जीपीएस उपकरणांचा फॉरमॅट) नाव, वर्णन, उंची, वेळ अशी ठरलेलीच फील्ड असतात. बाकीची ‘एक्स्टेन्शन्स’मध्ये जातात, आणि ती वाचणं सगळ्या उपकरणांना जमत नाही. आवश्यक माहिती वर्णनात जोडून द्या.

प्रत्यक्ष जुळवणीसाठी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधलं ‘रिफॅक्टर फील्ड्स’ उत्तम. तुमच्या तक्त्यातली एकेक ओळ तिथे भरा: स्रोत सूत्र, नाव, प्रकार, लांबी, दशांश. गेलेले शून्य ‘एलपॅड’ने (डावीकडे अक्षरं भरणारं सूत्र) परत आणता येतात, पण संकेतांकाची लांबी सगळीकडे सारखी असेल तरच. जिओपॅकेज या नव्या फॉरमॅटमध्ये लिहिताना जुनं ‘एफआयडी’ (नोंदीचा क्रमांक) वगळा. स्तर एकत्र केल्यावर तेच क्रमांक दोनदा येतात आणि लेखन अडतं.

काम झाल्यावर दोन्ही फाइलींतली नोंदींची संख्या, एका संख्या-फील्डची बेरीज, रिकाम्या नोंदी आणि सर्वांत लांब मजकूर ताडून पाहा. सर्वांत लांब मजकूर नेमका २५४ बाइटांच्या आसपास थांबला असेल, तर तो कापला गेल्याची दाट शक्यता आहे. मूळ फाइलमधली तीच नोंद उघडून बघा. देवनागरीऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर शेपफाइलसोबतची, अक्षरांची पद्धत सांगणारी सीपीजी फाइल तपासा. तिच्यात ‘यूटीएफ-८’ लिहिलेलं नसेल आणि मजकूर मुळात तसाच साठवलेला असेल, तर एवढी एक ओळ लिहून काम भागतं. प्रश्नचिन्हं मात्र साठवतानाच पडली असतील तर मूळ फाइलपासून पुन्हा रूपांतर करावं लागेल.