जुन्या गाडीच्या एसीचा क्लच : दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे

आमच्या घरच्या जुन्या प्रीमियर ११८ एनईला नंतर बसवलेला एसी आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात फोंड्याहून पणजीला जाताना असे होऊ लागले, की बाणस्तारीच्या पुलापर्यंत हवा गार येई आणि जुने गोवे मागे पडले की गरम होई. गाडी तासभर सावलीत उभी केली की एसी पुन्हा व्यवस्थित चाले. एका गॅरेजमध्ये गॅस भरून दिला गेला, दुसऱ्यात कॉम्प्रेसरच बदलावा लागेल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर उत्तम स्थितीत होता. त्याच्या क्लचमधील फट ०.५ मिलिमीटरने जास्त झाली होती, एवढाच तो दोष होता. जुन्या गाड्यांचे कॉम्प्रेसर आज सहज मिळत नाहीत, म्हणून ते मोडीत काढण्यापूर्वी क्लचची तपासणी स्वतः करता यावी असे मला मनापासून वाटते.

आधी रचना समजून घ्यावी. इंजिन चालू असेपर्यंत बेल्टमुळे कॉम्प्रेसरची पुली सतत फिरत असते, परंतु कॉम्प्रेसरचा शाफ्ट तिच्याबरोबर फिरत नाही. पुलीच्या मागे तांब्याच्या तारेची एक स्थिर कॉइल असते आणि पुलीच्या पुढे, शाफ्टला जोडलेली, पातळ स्प्रिंगांवर तोललेली एक लोखंडी प्लेट असते. कॉइलला १२ व्होल्ट मिळाले की तिचे विद्युतचुंबक होते, प्लेट पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. कॉइल, पुली आणि प्लेट मिळून क्लच होतो, आणि एसी बंद असताना प्लेट व पुली यांच्यामध्ये जे अंतर राहते तीच फट. हा प्रवाह कॉइलपर्यंत पोहोचण्यापूर्वी फ्यूज, ब्लोअरचा स्विच, थर्मोस्टॅट (तापमानानुसार प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि बहुतेक गाड्यांत गॅसच्या दाबावर चालणारा एक स्विच, इतक्या ठिकाणांहून जातो. त्यामुळे पहिला प्रश्न एकच असतो : कॉइलपर्यंत वीज पोहोचत नाही, की पोहोचूनही प्लेट ओढली जात नाही?

इंजिन बंद असताना टॉर्चच्या उजेडात प्लेट नीट पाहावी. तिच्या कडेला निळसर छटा किंवा जळकट वास असेल, तर ती पुलीवर घसरत आहे. प्लेटच्या मागून तेल उडालेले दिसले, तर शाफ्टचे सील गळत आहे. अशा वेळी क्लच दुरुस्त करूनही गॅस टिकणार नाही. आपल्याकडे, विशेषतः समुद्रकाठच्या गावांत, पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या प्लेटवर आणि पुलीवर गंजाचा थर चढतो. हलका गंज दोन-चार वेळा क्लच लागला की घासून जातो, जाड पापुद्रा मात्र काढून टाकावाच लागतो. नंतर प्लेट हाताने फिरवून पाहावी. थोडा सारखा अवरोध लागून ती फिरली, तर कॉम्प्रेसर जाम नाही. ती मुळीच हलली नाही, तर क्लचच्या पुढील सर्व तपासण्या व्यर्थ आहेत.

आता इंजिन सुरू न करता केवळ इग्निशन चालू करावे, ब्लोअर आणि एसी लावावा व कॉम्प्रेसरजवळ कान द्यावा. ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येऊन प्लेट पुलीला चिकटली पाहिजे. आवाज आला नाही, तर कॉइलच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावावा. ही सर्व मापे इंजिन बंद ठेवूनच घ्यावीत, कारण फिरता बेल्ट आणि पंखा यांच्याजवळ मीटरच्या वायरी नेणे धोक्याचे आहे.

कनेक्टरवर वीज अजिबात नसेल, तर फ्यूजपासून एकेक टप्पा तपासत पुढे यावे. दाबाच्या स्विचपर्यंत वीज येते आणि त्याच्या पुढे जात नाही, असे आढळले तर तो स्विच खराब आहे असे लगेच मानू नये. बहुधा गॅस कमी झाल्यामुळे तो आपले काम करत असतो. आर-१३४ए गॅस असलेल्या आणि बराच वेळ बंद असलेल्या गाडीत, ३० अंश तापमानाला गेजवर साधारण ९५ ते १०० पीएसआय दाब दिसला पाहिजे. तो यापेक्षा बराच कमी असेल, तर गळती शोधणे हेच पुढचे काम. स्विच वायरने जोडून एसी चालवत राहणे घातक आहे, कारण कॉम्प्रेसरला लागणारे तेल गॅसबरोबरच फिरते, आणि गॅस नसेल तर आतील भाग कोरडे घासतात. गाडीत अजून मूळचा आर-१२ असेल, तर तेल न बदलता त्यात आर-१३४ए भरू नये. जुने खनिज तेल या गॅसमध्ये विरघळत नाही आणि कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नाही.

वीज येते पण कमी येते, ही अवस्था जुन्या गाड्यांत फार आढळते आणि बहुतेकदा नजरेतून सुटते. कनेक्टर जोडलेलाच ठेवून, म्हणजे कॉइल प्रत्यक्ष प्रवाह घेत असताना, मागून मीटरचे टोक लावावे. बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि कॉइलवर ११ असतील, तर मधे दीड व्होल्टांहून अधिक वाया जात आहे. अर्ध्या व्होल्टापेक्षा जास्त घट मी स्वीकारत नाही. नंतर कॉम्प्रेसरची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्येही मोजावे. तेथे ०.२ व्होल्टांहून अधिक दिसले, तर अर्थिंग, म्हणजे ऋण बाजूची जोडणी, खराब आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्याने त्याची अर्थिंगची पट्टी गंजली की कॉइलच्या परतीचा रस्ताच अरुंद होतो, आणि खाऱ्या हवेत ही पट्टी सर्वांत आधी खराब होते. धन बाजूला घट असेल, तर दोष बहुधा थर्मोस्टॅटच्या जळलेल्या संपर्कांत सापडतो, कारण नंतर बसवलेल्या अनेक एसींमध्ये कॉइलचा सगळा प्रवाह त्यातूनच नेलेला असतो. अशा गाडीत रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवणे हा पक्का उपाय आहे : थर्मोस्टॅटने फक्त रिले चालवावा आणि कॉइलला बॅटरीपासून ७.५ अँपिअरच्या फ्यूजमधून स्वतंत्र वायर द्यावी. कॉइलवर एक १एन४००७ डायोडही जोडावा, त्याची पांढरी रेघ असलेली बाजू धन वायरकडे ठेवावी, म्हणजे कॉइल बंद होताना उठणाऱ्या उलट दाबाने संपर्क जळत नाहीत.

वीज पुरेशी आहे आणि तरी प्लेट हलत नाही, तर कनेक्टर काढून कॉइलचा रोध मोजावा. १२ व्होल्टच्या कॉइलचा रोध थंड असताना साधारण ३ ते ५ ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. एखादाच ओहम दिसला तर आतले वेढे एकमेकांना भिडले आहेत, आणि वारंवार फ्यूज जाण्याचे कारणही तेच असते.

‘थंड असताना चालतो, तापल्यावर सुटतो’ हा सर्वांत फसवा दोष फटीशी निगडित असतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २५ अंशांना ३.६ ओहम असलेली कॉइल इंजिनाच्या उष्णतेने १०० अंशांवर गेली, की तिचा रोध ४.६ ओहमच्या पुढे जातो आणि साडेतीन अँपिअरचा प्रवाह पावणेतीनपर्यंत उतरतो. त्यामुळे चुंबकाची ओढही कमी होते. त्याच वेळी वर्षानुवर्षांच्या घर्षणाने प्लेट झिजून फट वाढलेली असेल, तर उरलेली ओढ प्लेटपर्यंत पोहोचत नाही. याची खात्री करणे सोपे आहे. एसी सुटला की लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, इग्निशन व एसी चालू ठेवावा आणि लाकडी काठीने प्लेट पुलीकडे हलकेच दाबावी. ती चिकटून तशीच राहिली, तर कॉइल जिवंत आहे आणि दोष फटीत आहे.

फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाने) तीन ठिकाणी मोजावी. सँडेन कंपनीच्या कॉम्प्रेसरवर ती ०.४ ते ०.८ मिलिमीटर असावी. आमच्या गाडीत १.१ होती. प्लेट धरून मधला नट सोडवावा आणि तिच्या भोकांत बसणाऱ्या पुलरने ती ओढून काढावी. स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्यास ती वाकते आणि मग फट कधीच सारखी राहत नाही. शाफ्टवर प्लेटच्या मागे शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात, त्यांपैकी योग्य जाडीची एक काढली की फट तितकीच कमी होते. मी ०.५ ची शिम काढली आणि फट ०.६ वर आली. या कामासाठी गॅस काढावा लागत नाही, कारण क्लच सीलच्या बाहेर असतो. सगळ्याच शिम काढण्याचा मोह टाळावा. फट फार कमी झाली तर एसी बंद असतानाही प्लेट घासत राहते. काही कॉम्प्रेसरवर शिम नसतात आणि फट प्लेट किती खोल बसवली यावर ठरते, त्यामुळे आधी आपले मॉडेल पाहावे.

आवाजाविषयी थोडक्यात : एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर पुलीच्या बेअरिंगचा संशय घ्यावा, कारण ते इंजिनबरोबर सतत फिरते. बेल्ट काढून पुली हाताने फिरवली की खरखर कळते. आवाज फक्त एसी लावल्यावर येत असेल, तर दोष कॉम्प्रेसरच्या आत किंवा घसरणाऱ्या प्लेटमध्ये शोधावा.

काम झाल्यावर इंजिन पूर्ण तापवून, आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता), दिवे आणि ब्लोअर लावलेल्या स्थितीत एसी वीस वेळा चालू-बंद करून पाहावा, कारण तेव्हा व्होल्टेज सर्वांत कमी असते. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा; त्याने प्लेटवर गंज साचत नाही आणि शाफ्टच्या सीलला तेल मिळत राहते.