ससा दिसला की आधी मानगूट बघा

प्रोजेक्टच्या तिसऱ्याच रात्री उमरेड रोडजवळच्या हरभऱ्यात टॉर्चच्या उजेडात ससा दिसला आणि मी वहीत ‘काळ्या मानेचा’ असं लिहून मोकळी झाले. सकाळी सरांनी फोटो मोठा करून दाखवला. काळं दिसत होतं ती उभ्या कानांची सावली होती. मानगूट साधं करडं-तपकिरी. एम.एस्सी. झूलॉजीला रानसशांवर काम घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आपल्या देशातल्या रानसशाची दोन रूपं अगदी जवळची आहेत. दक्षिणेकडच्याच्या कानांमागून खांद्यांपर्यंत काळा पट्टा असतो आणि शेपटीही वरून काळी. उत्तरेकडच्याच्या मानेवर तो पट्टा नाही, शेपटी वरून तांबूस. पहिल्याला लेपस नायग्रिकॉलिस हे नाव १८२३ मध्ये मिळालं, दुसऱ्याला लेपस रुफिकॉडेटस हे १८२६ मध्ये. जुन्या पुस्तकांत या दोन वेगळ्या जाती. आता बहुतेक अभ्यासक त्यांना एकाच जातीच्या उपजाती मानतात. त्यामुळे संदर्भ वाचताना पुस्तकाचं साल आधी बघा, नाहीतर माझ्यासारखा आठवडा गोंधळात जाईल.

दोघांमधली ढोबळ सीमा गोदावरी. नागपूर तिच्या बरंच उत्तरेला, म्हणजे इथे तांबूस शेपटीचाच ससा अपेक्षित. पण अपेक्षित आहे म्हणून वहीत लिहायचं नाही. पळताना शेपटीची खालची पांढरी बाजू चमकते आणि ती दोघांचीही पांढरीच, तिच्यावरून काही ठरत नाही. मागून, थोडं वरून फोटो मिळाला तरच नोंद करा. नाहीतर ‘दिसलं नाही’ असा वेगळा रकाना ठेवा. माझ्या वहीत तोच सगळ्यात जास्त भरला आणि मला त्याचं समाधान आहे.

लेंड्या गोल, जराशा चपट्या. फोडल्या की आत गवताचे तंतू. त्यांवरून ससा होता एवढंच कळतं, कुठला ते नाही.

शेतमालक काकांना आणि वन विभागाला आधी सांगून ठेवा. रात्री टॉर्च दिसली की गावकरी शिकारी समजतात आणि हटकतात, ते बरोबरच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे.

एका पहाटे धुऱ्यावरून ससा पायाशीच उसळला. तो बीळ खोदत नाही, गवतातच बसतो. वाकून पाहिलं तर अंगाच्या मापाचा दबलेला खळगा, मागची बाजू खोल. हात ठेवला, गवत अजून गरम होतं. मानगूट मात्र दिसलं नव्हतं. ‘दिसलं नाही’ लिहिलं.

आता गोदावरीकाठी, सिरोंच्याकडे जायचंय.